नऊ नारिंगं

मॅलो कोर्ट, डॉर्सेट
९ नोव्हेंबर १६८८

प्रिय अँब्रोज,

राजाचे जावईबापू अखेर आले म्हणायचे. सासऱ्याच्या भेटीला पंधरा हजार माणसं आणि तोफा घेऊन येणारा जावई मी तरी पहिल्यांदाच ऐकला. हा ऑरेंजचा राजपुत्र हॉलंडहून निघून टॉरबेच्या किनाऱ्यावर उतरल्याला चार दिवस झाले, आणि आमच्याकडे बातमी आज पोचली. तीही कोळणीकडून, त्यामुळे नको असताना मासे घ्यावे लागले. ती म्हणते, राजपुत्राला दमा आहे. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं गं?" तर म्हणे, "किनाऱ्यावर सगळ्यांनी ऐकलं, बाईसाहेब."

तू तिकडे सॉल्सबरीच्या छावणीत राजाच्या घोडेस्वारांचा सरदार, आणि मी इथे काचघरातल्या झाडांची सरदार. मला सांग, छावणीत काय बोलतात? लोक खरोखरच राजावर इतके चिडलेत, की चिडायची पद्धत पडली आहे म्हणून चिडलेत? देश प्रोटेस्टंट आणि राजा कॅथलिक आहे हे तर तो गादीवर बसला त्या दिवशीही सगळ्यांना ठाऊक होतं. मग हे सगळं आत्ताच का? मी चिडवण्यासाठी विचारत नाही. मला खरंच कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला पक्की कळते. तीन वर्षांपूर्वी असाच एकजण राजाविरुद्ध बंड करायला आपल्या किनाऱ्यावर उतरला होता, आणि त्याच्यामागे गेलेल्या माणसांचे तुकडे डांबर लावून आपल्या चौकात टांगले होते. मी सहा महिने शेतातून वळसा घालून चर्चला जात होते. तू असलं काही करू नकोस. राजा मला आवडतो असं मुळीच नाही; हट्टी माणूस आहे, आणि हट्टी माणसं मला फक्त आपल्या घराण्यातली चालतात. पण तू त्याच्या हातात हात देऊन शपथ घेतली आहेस. आणि तुझं डोकं मला मानेवर असलेलंच आवडतं. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हापासून तुझ्या मानेची काळजी माझ्याकडे आली, आणि माझा नवरा गेल्यापासून दुसरी काही काळजीही उरलेली नाही.

खोकला कसा आहे? राजकारणाबद्दल खोटं लिहिलंस तरी चालेल, मला ओळखता येतं. खोकल्याबद्दल खरं लिही.

तुझी बहीण,
लेटिस


सॉल्सबरीची छावणी
१४ नोव्हेंबर

प्रिय लेटी,

खोकला आहे. रात्रभर माझ्यामुळे शेजारचे तंबू जागे असतात, त्यामुळे पहारा तेवढा चोख होतो.

छावणीत काय बोलतात म्हणतेस? काहीच बोलत नाहीत, तीच तर पंचाईत आहे. आठ दिवसांपूर्वी हीच माणसं मोठमोठ्याने राजाचा जयजयकार करत होती. आता जेवायला बसलो की सगळे हवेवर बोलतात. सकाळी हजेरी घेताना दोन-चार नावांना ओ येत नाही. कोणी विचारत नाही, कुठे गेला. ऑरेंज हे त्या राजपुत्राच्या घराण्याचं गाव, आणि आपल्या बोलण्यात ऑरेंज म्हणजे नारिंगच. तेव्हा छावणीने त्याला 'नारिंगकर' करून टाकलंय. "अमका नारिंगकरांकडे जेवायला गेला" असं कोणी म्हटलं की समजायचं, तंबू रिकामा.

मी जाणार नाही. ज्या राजाने मला लॉर्ड केलं त्याचं मीठ खाल्लंय, त्या मिठाला जागणार. पण एक विचारतो. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? खरंच विचारतोय. लहानपणी मी झाडावर चढून अडकलो की तू खालून सांगायचीस, कोणता पाय कुठे ठेव. आत्ता तसंच काहीसं झालं आहे.

फक्त उघड लिहू नकोस. इथे पत्रं फोडून वाचतात. काहीतरी खूण कर, मी समजेन.

तुझा,
अँब्रोज


मॅलो कोर्ट
१६ नोव्हेंबर

अँब्रोज,

उत्तर नाही, म्हणजे खोकला वाढलाय. तुला लहानपणापासून ही खोड: बरं असलं की पानंच्या पानं, आजारी पडलास की गप्प.

गाडीवान जेबेझबरोबर ही चिठ्ठी आणि एक टोपली पाठवते आहे. काचघरातल्या झाडांची नारिंगं आहेत, एकूण नऊ. सकाळ, दुपार, संध्याकाळ अर्ध्या नारिंगाचा रस, मध आणि सोसवेल इतकं गरम पाणी. आंबट लागेल, तोंड वाकडं करू नकोस. आणि वाटून टाकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. टोपली दिसली की तू दरबार भरवतोस.

लेटिस


राजपुत्राची छावणी, क्रूकर्न
२६ नोव्हेंबर

प्रिय, प्रिय लेटी,

तुझा निरोप मिळाला. आणि मी तो पाळला.

टोपलीत चिठ्ठी नव्हती. पहाऱ्यावर कोणीतरी काढून घेतली असणार. पण चिठ्ठी हवी होती कोणाला? मी खूण मागितली आणि तू नारिंगं पाठवलीस! राजाच्या छावणीत, राजाच्या पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून! नऊच का, ते आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, नऊ तारखेलाच राजपुत्र एक्सेटरला पोचला. लेटी, तू पुरुष असतीस तर आज मंत्री झाली असतीस.

मंगळवारी दुपारी घोड्यांना पाणी दाखवायला म्हणून आम्ही सोळाजण निघालो. ओढ्यावर पोचलो. घोडे पाणी प्यायले. मग मी ओढ्यात घोडा घातला, पलीकडे चढलो आणि तसाच चालत राहिलो. मागे वळून पाहिलं तर बाकीचे पंधराही येत होते. आपला शेजारी सर रोलंड क्वार्मसुद्धा! सत्तर वर्षांचा माणूस, ऐकू येत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला विचारत होता की आपण नक्की पाणी कुठे पाजणार आहोत. ही थट्टा हं. त्याला सगळं माहीत होतं.

राजा सॉल्सबरी सोडून लंडनला परत गेला. आमच्यानंतर आणखी बरेच आले, आमच्याहून कितीतरी मोठे. पण आम्ही त्यांच्या आधीचे.

तू मार्ग दाखवलास. हे मी विसरणार नाही.

अँब्रोज


मॅलो कोर्ट
३ डिसेंबर

अँब्रोज,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, आणि मी ती उलट्या क्रमाने वाचली. आधी तू माझा निरोप पाळल्याचं वाचलं, आणि मग तू निरोप मागितल्याचं. तीन उत्तरं लिहून फाडली. हे चौथं.

टोपलीबद्दल मी काही लिहीत नाही. पत्रं फोडतात असं तूच म्हणतोस.

जेबेझ परत आलेला नाही, गाडीही नाही. राजाच्या सैन्याने सामान ओढायला धरून नेलं म्हणतात. त्याची बायको रोज येऊन माझ्या दारात बसते. दोघींच्याही मनात तीच टोपली असते.

मला एक सांग. मी तेव्हापासून याचाच विचार करते आहे. माणूस नेमका कोणत्या क्षणी बदलतो? सोमवारी झोपताना तू राजाचा होतास आणि मंगळवारी उठलास तेव्हा नव्हतास, असं झालं का? की ओढ्यात? की ओढा ओलांडल्यावरही काही वेळ तू राजाचाच होतास आणि घोडा तेवढा राजपुत्राचा झाला होता? काही जाणवतं का, दात पडताना जाणवतं तसं? मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. तुझ्याशिवाय मी कोणाला विचारू?

आणि आणखी एक, सहज विचारते. परत फिरायचं म्हटलं तर फिरता येईल का?

लेटिस


लंडन
२९ डिसेंबर

प्रिय लेटी,

परत फिरायचं? कोणाकडे? राजाच उरलेला नाही! तो पहिल्यांदा पळाला तेव्हा केंटच्या कोळ्यांनी पकडून परत आणला. मग पुन्हा निघाला, आणि या वेळी पहारेकऱ्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. आता तो फ्रान्समध्ये आहे. तेव्हा तुझ्या भावाची मान शाबूत आहे, आणि तिच्याभोवती नवी लेस आहे.

तुझ्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. तो क्षण ओढ्यातलाच. घोड्याचे पुढचे पाय पलीकडे होते आणि मागचे पाण्यात. तेव्हा पुढचा अर्धा घोडा राजपुत्राचा आणि मागचा राजाचा होता. हे मी परवा जेवताना सांगितलं, लोक हसून हसून बेजार झाले. पण त्यांना खरी आवडते ती नारिंगांची गोष्ट. लंडनमध्ये तू ठाऊक झाली आहेस, लेटी. "नऊ नारिंगं पाठवणारी बाई कुठे असते?" म्हणून विचारतात. एका बाईने तर टोपलीच्या आकाराचं कानातलं करवून घेतलंय. वसंतात तू इथे ये. तुला बघायला रांग लागेल.

सर रोलंड गावी परत येतो आहे. तुला भेटायला उतावीळ झालाय.

तुझा,
अँब्रोज


मॅलो कोर्ट
९ जानेवारी १६८९

अँब्रोज,

सर रोलंड आले होते. टोपीला नारिंगी फीत, छातीवर नारिंगी फीत, आणि घोड्याच्या शेपटीलाही. घोडा शरमल्यासारखा दिसत होता. ते एका गुडघ्यावर बसले आणि मग त्यांना उठता येईना, म्हणून पुढचं सगळं बोलणं तसंच झालं.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "आज मी योग्य बाजूला आहे तो केवळ तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे कसे?"

"अँब्रोजने टोपली दाखवली ना! म्हणाला, माझ्या बहिणीसारखी राजनिष्ठ बाई डॉर्सेटमध्ये नाही. तिनेच हे पाठवलंय. मी म्हटलं, लेटिसबाईसुद्धा? मग मी कोण लागून गेलो?"

"आणखी कोणाला दाखवली त्याने?" हे मला तीनदा ओरडून विचारावं लागलं. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातल्या बाया बाहेर आल्या.

"सगळ्यांना! आम्ही घुटमळत होतो हो. पन्नास वर्षं ज्यांच्या नावाने प्याले उचलले त्या घराण्याला सोडायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? पण टोपली पाहिली आणि मन स्वच्छ झालं."

मी त्यांना उठवलं, सफरचंदाची दारू दिली, वाटेला लावलं, आणि त्यानंतर दिवसभर काही खाल्लं नाही.

आता लिहिते. पत्र फोडायचं असेल त्याने खुशाल फोडावं. अँब्रोज, ती नारिंगं खोकल्यासाठी होती. नऊ होती, कारण झाडाला नऊच लागली होती. मी टोपली पाठवली तेव्हा तुझं खूण मागणारं पत्र वाटेत होतं. राजपुत्र माझ्या डोक्यातही नव्हता. माझ्या डोक्यात तुझा घसा होता. डिसेंबरमध्येच हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला वाटलं, हे कळलं तर तू परत फिरशील आणि ते तुला झाडाला लटकवतील. तुझी मान वाचावी म्हणून मी गप्प राहिले. पण सोळा माणसांनी आपली शपथ माझ्या औषधाच्या टोपलीत टाकली असेल, तर त्यांना ते कळलं पाहिजे. सांग त्यांना. माझ्या नावाने झालेली चूक आहे, आणि ती मला झोपू देत नाही.

लेटिस


लंडन
३१ जानेवारी

प्रिय लेटी,

किती सावध आहेस तू! पत्र कोणी फोडलं तर म्हणून हे खोकल्याचं कथानक, आणि तेही इतकं खरं वाटणारं! मी दोन मित्रांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हिच्यापासून शिकावं. राजा परत आलाच तर तू सुटलीस. पण आता भिण्याचं कारण नाही, लेटी. तो परत येत नाही.

किंवा येईलही. तेच आम्ही ठरवतो आहोत, आणि ते एका शब्दावर अडलंय. पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाने लिहून पाठवलं, राजाने गादीचा 'त्याग केला'. आमचं वरचं सभागृह म्हणतं, त्याग कसला? तो गादी 'सोडून गेला'. तुला वाटेल, फरक काय? त्याग केला असेल तर गादी रिकामी झाली, दुसरा बसवता येतो. नुसता सोडून गेला असेल तर गादी त्याचीच राहते. बाहेर गेलेला माणूस परत येऊन आपल्या खुर्चीवर बसतो तशी. शंभर सरदार दिवसचे दिवस एका क्रियापदावर भांडताहेत. दोन्हीकडची माणसं इतकी सारखी आहेत, की पाच-सहाजण इकडचे तिकडे झाले तर निकाल फिरेल.

माझं मत ठरलेलं नाही. सगळे मला विचारतात, आणि मी सांगतो, बहिणीचं पत्र येऊ दे. ते हसतात, पण थांबतात. तेव्हा लिही. एक शब्द पुरे. नाहीतर काहीतरी पाठव, मागच्यासारखं.

तुझा,
अँब्रोज


मॅलो कोर्ट
३ फेब्रुवारी

अँब्रोज,

जेबेझ परत आला. गाडी आली, घोडा आला नाही. त्याला राजाच्या सैन्याने लंडनपर्यंत ओढत नेलं आणि तिथे सैन्यच विरघळलं. मग तो गाडीला स्वतःला जुंपून निम्मी वाट आला. त्याला पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं.

"जेबेझ, नोव्हेंबरात दिलेली ती चिठ्ठी तू कुठे हरवलीस?"

"हरवली? काय बोलता, बाईसाहेब! म्या सायबांच्या हातात दिली. त्यांनी माझ्यादेखत वाचली की. दोनदा वाचली."

"मग?"

"मग असे हसले, असे हसले, की खोकल्याची उबळच आली. मग चिठ्ठी शेगडीत टाकली."

"आणि नारिंगं? खाल्ली का त्याने?"

"एक बी न्हाई. समद्यात मोठ्या थाळीत रचली, मधोमध ठेवली, आणि मला म्हणले, जा, सर रोलंडांना बोलावून आण. मी म्हटलं, सायब, बाईसाहेबांनी वाटू नका म्हणून सांगितलंय. तर म्हणले, जेबेझ, तू काहीच ऐकलं नाहीस."

तेव्हा आता आपण दोघंही जाणतो. मी दोन महिने स्वतःला खात होते. जेबेझची बायको दारात बसायची तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि तू कानातल्यांच्या गोष्टी लिहीत होतास.

माझा राग मोठा आहे, पण खरं सांगू? त्याहून मोठं नवल वाटतंय. तुला जायचं होतं तर तू जायचंस. लॉर्ड तू, घोडा तुझा, शपथ तुझी. तुला माझ्या टोपलीची गरज का पडली? डॉर्सेटमधली एक विधवा, जिला ना सभागृहात जागा ना मत, तिचं नाव तू पुढे केलंस ते का? मी हे कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी मला उलगडत नाही.

राहता राहिला तुझा शब्द. या वेळी मी काहीही पाठवत नाही. फळ नाही, फूल नाही, सल्ला नाही. मत तुझं आहे, तूच दे. मला फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर पाठव, आणि एकदा तरी खरं लिही. ते आलं नाही तर मी यापुढे तुझी पत्रं फोडणार नाही. फोडणारे दुसरे आहेत म्हणतोस, ते वाचतील.

लेटिस


लंडन
७ फेब्रुवारी

लेटिस,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं, सभागृहात जायला निघालो तेव्हा. तिथे बसून वाचलं. मग मत द्यायची वेळ आली.

आधी तेच सांगून टाकतो. 'त्याग केला' या बाजूने गेलो. तो शब्द मला पटला म्हणून नाही. काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो घाबरून पळाला, आणि त्याला आम्ही घाबरवलं. मी आजूबाजूला पाहिलं, बरीच माणसं तिकडे चालली होती, बरीच गैरहजर होती, म्हणून मी उठून तिकडे गेलो. पंधरा-सोळा मतांनी ठरलं.

आता तुझं उत्तर. तू विचारलंस, माणूस कोणत्या क्षणी बदलतो, आणि मी तुला अर्ध्या घोड्याची गोष्ट सांगितली. ती जेवणाच्या टेबलासाठी बनवली होती. खरा क्षण ओढ्यातला नव्हता. तुझी टोपली यायच्या दोन दिवस आधी, सकाळी मी तंबूच्या बाहेर आलो. माझ्या डावीकडचा तंबू रिकामा होता. उजवीकडचा रिकामा होता. समोरच्या तंबूपुढे चूल पेटत ठेवून माणसं गेली होती, आणि तिच्यावर लापशी करपत होती. मी ती उतरवून ठेवली. तिथेच ठरलं. राजाने काय चूक केली, धर्माचं काय होणार, यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. फाशीचीही भीती नव्हती, लेटी, शपथेवर सांगतो. माझ्या शपथेला काही किंमत उरली असेल तर. मला फक्त शेवटचा उरायचं नव्हतं.

पण पहिला जायचाही धीर नव्हता. आमच्या टोळीत कोणालाच नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत होते, कोणी दुसऱ्याने आधी म्हणावं म्हणून. आणि तेवढ्यात जेबेझ नारिंगं घेऊन आला. चिठ्ठी वाचली आणि हसलो, कारण देवाने थट्टा करावी तर अशी. मग वाटलं, तुझं नाव पुढे केलं की मी पहिला उरत नाही. तू पहिली. मी दुसरा. दुसऱ्या माणसाला कोणी गद्दार म्हणत नाही. सर रोलंड तिसरा झाला, आणि सगळ्यात मागचा तर नुसता घोड्यांना पाणी पाजायला आलेला होता.

चिठ्ठीतलं नाव तेवढं जाळलं नाही. 'लेटिस' एवढाच कोपरा फाडून ठेवला होता. तो माझ्याजवळ आहे, पण ते सांगून तुझा राग कमी करायचा माझा हेतू नाही.

बाकीच्या पंधराजणांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला बसतो आणि ते "नारिंगं, नारिंगं!" म्हणून प्याला उचलतात.

मला इथे राहवत नाही. घरी येऊ का? तू नाही म्हणालीस तर मी विचारणार नाही, का ते.

अँब्रोज


मॅलो कोर्ट
२४ फेब्रुवारी, रविवार

प्रिय अँब्रोज,

उत्तराला उशीर केला, कारण मला आधी एक करून पाहायचं होतं.

आज आमच्या चर्चमध्ये नव्या राजा-राणीसाठी, म्हणजे जावईबापू आणि त्यांच्या बायकोसाठी, पहिली प्रार्थना झाली. पाद्री इंगपेन आठवडाभर आजारी असल्यासारखे हिंडत होते. चार वर्षं ज्या जागी जेम्सचं नाव घेतलं त्या जागी आता दुसरं घ्यायचं. जीभ अडखळेल म्हणून त्यांनी पुस्तकात तिथे कागद चिकटवला होता. गाव झाडून आलं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, पण सगळे खाली मान घालून बसले होते. तुमच्या छावणीत जेवताना असंच दिसत असेल, असं मला वाटलं.

इंगपेननी वाचलं, "आमचा राजा विल्यम आणि राणी मेरी." सगळं चर्च म्हणालं, "आमेन." लोहार म्हणाला, गिरणीवाला म्हणाला, तीन वर्षांपूर्वी ज्यांचे भाऊ चौकात टांगले होते तेही म्हणाले, आणि त्यांचं मला पटतं.

मी म्हणाले नाही. सगळे गप्प झाल्यावर मी म्हणाले, "आणि राजा जेम्स." ओरडून नाही. घरात दार लावायला सांगतात तेवढ्या आवाजात.

तो राजा मला कधीच आवडला नाही, हे तुला माहीत आहे. तो परत यावा असंही मला वाटत नाही. नवा कदाचित चांगलाच निघेल. पण तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन नव्हतं. सोळा माणसं, आणि तुझ्या सभागृहातली ती सगळी, आणि आमचं गाव, सगळे ज्या गोष्टीला इतके घाबरले ती आहे तरी काय? शेवटचं उरलं की होतं तरी काय? म्हटलं, आपल्याला कोणी शपथ विचारत नाही, आपलं मत कोणी मोजत नाही, तेव्हा बघून घ्यायला आपल्यासारखी मोकळी दुसरी कोण?

तर ऐक. इंगपेन पान उलटता उलटता थांबले. सर रोलंडना काहीच ऐकू आलं नाही, त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले आणि मोठ्याने "आमेन" म्हणून टाकलं. आणि माझ्या बाकावरची मिसेस स्क्विब, वीस वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून बसते ती, तिने घागरा गोळा केला आणि थोडी पलीकडे सरकली. वीतभर. मग आणखी वीतभर.

एवढंच झालं, अँब्रोज. डाव्या बाजूने जरा गार लागलं. प्रार्थना संपली, आम्ही घरी आलो, दुपारी मी मटण खाल्लं. एवढ्यालाच घाबरला होतास तू.

मी तुला माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. कळलं की सांगेन. त्या पंधराजणांना खरं काय ते सांगून मग निघ, प्याले खाली ठेवायला लाव आणि सांग. आणि यायचं असेल तर रविवारी सकाळी ये, सरळ चर्चमध्ये, सगळे बसल्यावर. माझ्या बाकावर जागा झाली आहे.

तुझी,
लेटिस